ताईची स्लिप, माझी स्लिप : सरकारी की खासगी?

मोशीचा_मावळा
मंडळी, दत्तजयंतीला ताईकडे धनकवडीला गेलो होतो. आरती झाली, सुंठवडा झाला, आणि नेहमीप्रमाणे दाजींनी विषय काढला की तुमचं काय बुवा खासगीवाल्यांचं, पॅकेज मोठं. मी म्हटलं कसलं पॅकेज, तुम्हाला तर आता आठवा वेतन आयोग. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी ताईने मोबाईलवर नोव्हेंबर २०२५ ची पगाराची स्लिप उघडली, मी माझी उघडली, दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आमचे आकडे देतो, नावं-गावं विचारू नका.

ताई केंद्र सरकारच्या पुण्यातल्या एका ऑफिसात आहे, स्टाफ सिलेक्शनची सीजीएल देऊन २०१६ च्या जुलैत लागली, लेव्हल ४ च्या वेतनश्रेणीत. तेव्हा मूळ वेतन २५,५००, दरवर्षी ३ टक्के वाढ धरून आज ३३,३००. त्यावर ५८ टक्के महागाई भत्ता १९,३१४, पुणे एक्स म्हणजे मोठ्या शहरांच्या वर्गात म्हणून घरभाडं ३० टक्के म्हणजे ९,९९०, प्रवासभत्ता ५,६८८. एकूण ६८,२९२. त्यातून एनपीएस म्हणजे नव्या पेन्शनचे ५,२६१, सीजीएचएस म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेचे २५०, प्रोफेशन टॅक्स २००, गटविमा ३०. हातात ६२,५५१.

मी चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला, डिप्लोमा, २०१२ पासून नोकरी करतोय, ही दुसरी कंपनी. सीटीसी म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च ९ लाख ६० हजार. पीएफ, प्रोफेशन टॅक्स, बस आणि कँटीन कापून हातात येतात ६४,५६०.

म्हणजे मी ताईपेक्षा २,००९ रुपयांनी पुढे. घरात सगळ्यांना धक्का बसला, मला सगळ्यात जास्त. इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होतो ते उगाच का?

खराडीकर
पहिला नंबर माझा. धागा छान पण २,००९ रुपयांवर खूश होऊ नका, त्यात तुमची एक दिवसाची पेट्रोलची टाकी पण भरत नाही.

पगारपत्रक_ताई
मी गेली चौदा वर्षं पेरोलमध्ये आहे म्हणून विचारते, हातात किती येतात ते सोडा, स्लिपवर पीएफ किती कापलाय? आणि बेसिक किती?

मोशीचा_मावळा
पीएफ १,८००. बेसिक ३२,०००. बाकी सगळं स्पेशल अलाउन्स वगैरे.

पगारपत्रक_ताई
वाटलंच. तुमचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापतात, खऱ्या बेसिकवर नाही. १५,००० चे १२ टक्के म्हणजे १,८०० तुमचे आणि १,८०० कंपनीचे. कंपनीच्या १,८०० मधले १,२५० पेन्शनला म्हणजे ईपीएसला जातात, तुमच्या खात्यात राहतात ५५०. म्हणजे म्हातारपणासाठी महिन्याला सगळे मिळून ३,६०० बाजूला पडतायत.

आता ताईंचं बघा. त्यांचे ५,२६१ कापले तुम्ही लिहिलंत, पण सरकार त्यावर १४ टक्के घालतं ते स्लिपच्या बेरजेत दिसत नाही. मूळ अधिक महागाई भत्ता ५२,६१४, त्याचे १४ टक्के ७,३६६. दोन्ही मिळून १२,६२७ दर महिन्याला. तुम्ही २,००९ ने पुढे नाही, ते धरूनही ७,००० ने मागे आहात, फक्त ते दिसायला अजून पंचवीस वर्षं लागतील.

बरं, कंपनीचे १,८०० आणि ग्रॅच्युइटी हे पण तुमच्याच ९ लाख ६० मध्ये मोजलेले असणार. मेडिक्लेमचा हप्ता आणि व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर मिळणारा भागसुद्धा. बघा ऑफर लेटर.

मोशीचा_मावळा
बघितलं. व्हेरिएबल ९६,००० आहे, गेल्या वर्षी त्यातले निम्मे पण नाही मिळाले, "बिझनेस परफॉर्मन्स". ग्रॅच्युइटी १८,४७० वर्षाला, आणि हो सीटीसीमध्येच आहे. आधीच्या कंपनीत चार वर्षं केली, पाच नाही भरली, तिथली ग्रॅच्युइटी शून्य. तेव्हा पगार सात हजारांनी वाढत होता म्हणून उडी मारली होती, कोणी सांगितलं पण नाही.

नवीपेठ_रात्रपाळी
रात्रीचे अडीच वाजलेत, अभ्यासिकेत बसून वाचतोय, राहवत नाही म्हणून लिहितो. सगळे जण नोकरी लागल्यानंतरचा हिशोब मांडताय. लागण्याआधीचा कोण मांडणार? ताईंनी किती वर्षं अभ्यास केला ते सांगा ना. माझं हे सहावं वर्ष आहे. २०२३ ची तलाठी भरती आठवते का, ४,६४४ जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर, खुल्या वर्गाला फी १,००० रुपये. मी पण भरले. कॉटबेसिसची खोली, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, हे गावाकडून येतं, वडिलांचा ऊस जातो तेव्हा. माझ्या बरोबरचा एक पोरगा गेल्या वर्षी सोडून गेला आणि हिंजवडीत बीपीओला लागला, वय एकतीस, फ्रेशरचा पगार. त्याची सहा वर्षं कुठल्या कॉलममध्ये टाकायची?

मोशीचा_मावळा
ताईने चार वर्षं दिली. दोनदा थोडक्यात गेलं. त्या चार वर्षांत मी कमवत होतो, सुरुवातीला ट्रेनी म्हणून ८,५००, आणि खरं सांगायचं तर तिच्या क्लासची एक वर्षाची फी मी भरली होती. हे मी दत्तजयंतीला बोललो नाही, इथेच बोलतोय, ती इथे नसते.

वाकडेवाडी
ती इथे नसते हे नक्की ना?

खराडीकर
मी सविस्तर लिहितो, थोडं उलटं मत आहे. २००८ ला मी लागलो तेव्हा पॅकेज ३.१ लाख. आज मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरला साडेतीनच्या आसपासच देतात, सतरा वर्षांनी, आणि तेवढ्यात पुण्यात भाडं कुठे गेलं ते तुम्हाला माहितीये. तिकडे केंद्रात सगळ्यात खालच्या लेव्हल १ ला मूळ १८,०००, नोव्हेंबर २०२५ च्या भत्त्यांसकट पुण्यात ३५,९७३ होतात, मी आत्ता कॅल्क्युलेटर घेऊन केलं. म्हणजे वर्षाचे ४ लाख ३१ हजार. आमच्या इंजिनिअर पोरांपेक्षा शिपाई पुढे आणि ह्यात शिपायाचं काही चुकलेलं नाही, चुकलंय ते आमच्याकडे.

पण वर जा. कॅबिनेट सेक्रेटरी म्हणजे देशातला सगळ्यात वरचा सरकारी नोकर, मूळ वेतन महिन्याला अडीच लाख, महागाई भत्ता धरून चार लाखांच्या आत. माझा डायरेक्टर, जो एक प्रॉडक्ट आणि साठ माणसं सांभाळतो, त्याला त्याहून जास्त आहे. मला स्वतःला वर्षाला ३८ लाख आहे. म्हणजे खालच्या मजल्यावर सरकार जास्त देतं, वरच्या मजल्यावर खासगी. प्रश्न असा आहे की जिन्यात किती जण अडकतात.

आणि ३८ चा आकडा वाचून दात विचकू नका. एप्रिलमध्ये शेजारच्या टीममधल्या चौघांना एका खोलीत बोलावून लॅपटॉप ठेवून घेतले. एकाचं वय शेहेचाळीस, मुलगी बारावीला. मी तेव्हापासून खर्चाची वही लिहायला लागलोय.

निवृत्त_नाना
मी राज्य शासनातून रिटायर्ड. मी १ नोव्हेंबर २००५ च्या बराच आधी लागलेला म्हणून मला जुनी पेन्शन. माझ्याच टेबलाशेजारी २००६ साली लागलेला मुलगा होता, तेच काम, तोच शेरा, तीच शिवी साहेबांची, पण त्याला डीसीपीएस, म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणारी पेन्शन. १४ मार्च २०२३ ला संप झाला तेव्हा मी रिटायर झालो होतो तरी कलेक्टर कचेरीवर जाऊन उभा राहिलो, "एकच मिशन जुनी पेन्शन". २० तारखेला संप मागे घेतला. तेव्हा खासगीतले लोक टीव्हीवर म्हणत होते आमच्या टॅक्सवर चैन. अहो, टॅक्स आम्ही पण भरतो, आणि तो पगारातून आधी कापून.

दुसरं, आयोग आयोग करता ते आमच्याकडे कसं येतं ऐका. सातवा १ जानेवारी २०१६ पासून लागू म्हणाले, राज्यात प्रत्यक्ष पगारात आला २०१९ ला. तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत, ती पण प्रॉव्हिडंट फंडात. आणि ऑपरेशनचं बिल म्हणाल तर हिच्या गुडघ्याची प्रतिपूर्तीची फाईल चौदा महिने फिरली, दर वेळी नवी त्रुटी. एकदा तर डॉक्टरांचा शिक्का निळ्या शाईत का म्हणून परत आली. मी स्वतः आस्थापना शाखेत होतो, मी पण लोकांच्या फायली अशाच परत पाठवल्या असतील, हे तेव्हा कळलं.

मोशीचा_मावळा
नाना, मेडिकलमध्ये मात्र आमचं बरं निघालं. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा कंपनीच्या पॉलिसीवर कॅशलेस, तीन लाखांचं कव्हर, दहा टक्के आपले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्रूव्हल. ताईने मान्य केलं की हे भारी आहे. मग विचारलं, नोकरी सुटली तर? मी गप्प. आईबाबांना आता सत्तरीत नवी पॉलिसी काढायला गेलो तर हप्ता ऐकून बसायला खुर्ची लागेल.

अकरा_महिने
तुम्ही सगळे सरकारी म्हणजे परमनंट असंच धरून चाललाय. मी पुण्यातल्या एका सरकारी ऑफिसात डेटा एंट्रीला आहे, एजन्सीमार्फत, सात वर्षं झाली. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग दोन-तीन दिवसांचा तांत्रिक खंड, मग परत अकरा महिने. त्या खंडात पण मी जाते कारण लॉगिन माझंच आहे आणि माझ्याशिवाय कोणाला ते पोर्टल येत नाही. हातात १७,४००. शेजारच्या मॅडम परमनंट, चांगल्या आहेत, डबा शेअर करतो, त्यांना माझ्या चौपट. दिवाळीला त्यांना सण अग्रिम, मला एजन्सीकडून एक सोनपापडीचा डबा.

सप्टेंबर २०२३ ला शासनाने नऊ एजन्सींमार्फत बाह्ययंत्रणेने भरतीचा जीआर काढला होता, आंदोलनं झाली, ऑक्टोबरमध्ये रद्द केला. सगळ्यांनी पेढे वाटले. मी म्हटलं आम्ही आधीपासून आहोत त्यांचं काय? सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच पंजाबच्या केसमध्ये सांगितलंय की समान कामाला समान वेतन तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही. निकालाची प्रिंट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ऑफिसच्याच प्रिंटरवर काढली.

नवीपेठ_रात्रपाळी
ताई शेवटची ओळ वाचून एकटाच हसलो, शेजारचा चिडला.

वाकडेवाडी
धागाकर्त्याची ताई, मावळा, अकरा महिने ताई, ह्या तिघांत खरी तुलना करायला हवी. बाकी आमच्याकडे वधू-वर मेळाव्यात तुलना फार पूर्वीच झालेली आहे, "मुलगा सरकारी नोकरीत हवा, शेती हवी पण करणारा नको".

स्वारगेट_डेपो
आणि आम्ही कुठे बसतो ते पण सांगा. एसटी. लोकांसाठी आम्ही सरकारी, सरकारसाठी आम्ही महामंडळ. ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत संप केला, मागणी एकच, विलीनीकरण. पगारवाढ मिळाली, विलीनीकरण नाही. माझ्या वडिलांनी त्या सहा महिन्यांत मार्केटयार्डात हमाली केली, बावन्नाव्या वर्षी. कोणी सरकारी नोकर म्हटलं की अजून आमच्या घरात शांतता पसरते.

खडकी_बझार
स्वारगेट भाऊ, आमचं उलटं झालं. आजोबा, वडील आणि मी, तिघं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. आजोबा लागले तेव्हा सरकारी म्हणजे दगडावरची रेघ. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बंद करून सात कंपन्या केल्या, आम्ही म्युनिशन्स इंडियात आलो. सध्या मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे अजून केंद्राचे कर्मचारी, पगार-भत्ते तेच. पण गेटवरची पाटी बदलली त्या दिवशी वडील मुद्दाम बघायला आले, पाटीसमोर बराच वेळ उभे होते, मग म्हणाले चल चहा घेऊ. दगडावरची रेघ पण पुसता येते हो.

पगारपत्रक_ताई
आता थोडं पेन्शनचं, कारण खरी दरी तिथेच आहे आणि लोक पगारावरच भांडत बसतात.

मावळ्या, तू २०१२ ला कमी बेसिकवर लागलास म्हणून तरी ईपीएसचा सभासद आहेस. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेले आणि बेसिक १५,००० च्या वर असलेले त्यात नाहीतच. (अरेतुरे करतेय, चालेल ना.) सूत्र असं आहे, पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार धरायचा जास्तीत जास्त १५,०००. तीस वर्षं भरलीस तरी सात हजारांच्या आत. आणि तो आकडा गोठलेला, त्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयेच आहे, त्यासाठी म्हातारी माणसं उन्हात बसतात, तुम्ही बातमी पण वाचत नाही.

ताईंना एप्रिल २०२५ पासून यूपीएस म्हणजे एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आलाय, पंचवीस वर्षं झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, वर महागाई सवलत. पर्याय द्यायची मुदत वाढत वाढत ३० नोव्हेंबरला संपली. त्यांनी काय केलं?

मोशीचा_मावळा
एनपीएसमध्येच राहिली. २९ तारखेपर्यंत ठरत नव्हतं, दाजींनी एक्सेल केलं होतं, त्यात चार रंग होते. ताईचं म्हणणं, यूपीएसमध्ये पेन्शन पक्की पण जमा झालेला पैसा आपल्या नावावर राहत नाही. दाजी म्हणाले मार्केट पडलं तर? ती म्हणाली पडलं तर तुझी पेन्शन आहे ना. (दाजी जिल्हा परिषदेत, २००४ चे, जुनीवाले.) मला तर हेवा ह्याचा वाटला की भांडायला दोन पर्याय आहेत. आमच्याकडे एक पण नाही.

निवृत्त_नाना
जावईबापूंना सांगा, अंशराशीकरण म्हणजे पेन्शनचा भाग विकून आधीच एकरकमी पैसे घेताना विचार करा. चाळीस टक्के विकली की पंधरा वर्षांनी परत मिळते. मी पूर्ण चाळीस टक्के विकून रक्कम मुलाला फ्लॅटला दिली, आता त्या फ्लॅटवर चहाला फोन करून जावं लागतं.

खराडीकर
नाना _/\_

शनिवार_पेठेतली
रजेचं कोणी बोललंच नाही, पुरुषमंडळी दिसतायत सगळी. कागदावर बाळंतपणाची रजा दोन्हीकडे जवळपास सारखी, खासगीत २०१७ पासून २६ आठवडे, केंद्रात १८० दिवस. मी खासगीत घेतली, पूर्ण घेतली, परत आले तर माझा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे आणि मला "बेंच", म्हणजे प्रोजेक्टच नाही. त्या वर्षी रेटिंग सगळ्यात खालचं, कारण सहा महिने काम दिसलं नाही म्हणे. माझी वहिनी केंद्रात आहे, तिला त्याशिवाय मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत मिळून ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे. दहावीच्या परीक्षेला दोन महिने घरी होती. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण रेकॉर्डवर वाकडं नाही करता आलं. सरकारीत हे एवढंच बघा.

अकरा_महिने
माझी २०२१ ला बाळंतपणात ऑर्डरच रिन्यू झाली नाही. चार महिन्यांनी "नवीन" म्हणून परत घेतलं.

शनिवार_पेठेतली
काय बोलू गं.

वाकडेवाडी
सरकारी माणसाला बदली पण असते, गडचिरोली दाखवतात ना साहेब चिडला की, ते पण धरा. आणि राज्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे ते पण धरा. मावळे, तुमचा आठवडा किती दिवसांचा?

मोशीचा_मावळा
सहा. पहाटे पाच चाळीसला उठतो, सहा वीसची बस मोशीच्या चौकातून, नाशिक हायवेवर चाकणला एकदा अडकली की सातचा पंच चुकतो आणि तीनदा चुकला की अर्धा दिवस कापतात. परत यायला साडेपाच-सहा. ऑडिट असलं की विचारू नका. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचे तास मोजले आणि ६४,५६० ला भागले तर १९५ ते २२५ च्या मध्ये तासाला पडतात, बस वेळेवर असेल तर. ताईचे काढले नाहीत, मुद्दामच.

पण खरं सांगू, ती पण कंटाळलीये. प्रमोशनला वर्षानुवर्षं लागतायत. तिच्या हाताखालून दोन सॉफ्टवेअर बदलली, तिला काहीतरी शिकायचंय, कोणी विचारत नाही. मी चौदा वर्षांत दोन भाषांत ऑडिटरशी भांडायला शिकलो.

खराडीकर
नवीन लेबर कोडचा काही फरक पडणार का? २१ नोव्हेंबरपासून लागू झालेत ना. व्हॉट्सॲपवर फिरतंय की हातातला पगार कमी होणार.

पगारपत्रक_ताई
अर्धवट फिरतंय. वेतन म्हणून धरायची रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्मी तरी हवी. मावळ्याचं बेसिक चाळीस टक्के आहे, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हिशोब वाढेल. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापत असतील तर त्यामुळे हातातले कमी व्हायचं कारण नाही. मात्र कंपनीने सीटीसी तेवढीच ठेवून वाढलेली ग्रॅच्युइटी त्यातच घुसवली तर स्पेशल अलाउन्समधून जाईल. आणि ठराविक मुदतीच्या करारावरच्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हे चांगलं आहे.

मावळ्या, एक कर. व्हीपीएफ सुरू कर, १,८०० च्या वर स्वतःहून पाच हजार टाक. गेली दोन वर्षं व्याज ८.२५ मिळालंय. कंपनी तिचा वाटा वाढवणार नाही, पण निदान तुझा तू वाढव.

मोशीचा_मावळा
आज एचआरकडे गेलो. आधी विचारलं की पीएफ खऱ्या बेसिकवर करता येईल का, कंपनीचा वाटा धरून. तो हसला आणि म्हणाला, करू की सर, पण आमचा वाटा तुमच्याच सीटीसीतून वजा होईल. म्हणजे माझ्या उजव्या खिशातून डाव्या खिशात. मग व्हीपीएफचा फॉर्म मागितला, तर म्हणे एप्रिलमध्येच घेतो, पेरोलचं सॉफ्टवेअर मधेच घेत नाही. तोवर पाच हजारांचं आरडी काढलंय बँकेत, बायकोला सांगितलंय हात लावायचा नाही.

नवीपेठ_रात्रपाळी
आणि ताईंना क्लासच्या फीचं सांगितलं का?

मोशीचा_मावळा
सांगायची गरज पडली नाही. काल रात्री तिचा मेसेज आला, "२०१३ ची फी, तारखेसकट माझ्या डायरीत आहे, आठवा आयोग आला की व्याजासकट देते." म्हणजे ती इथे असते.

वाकडेवाडी
मी काय विचारलं होतं!!

खराडीकर
न्यायमूर्ती रंजना देसाईंच्या आयोगाला अहवालासाठी अठरा महिने दिलेत. मावळे, व्याज लावून ठेवा.